थोरला, मधला आणि धाकटा

आमच्या गावाला तीन पार आहेत. एक जुन्या गावात, एक नव्या गावात आणि एक खिशात. थोरला दगडाचा, मधला सिमेंटचा, आणि धाकट्याला अंगच नाही. तो मोबाइलमध्ये राहतो. गावात कुणी बाळंत झालं, कुणाची म्हैस सुटली, बांधावरून कुणाची जुंपली, की पहिली खबर हल्ली धाकट्याला लागते. थोरल्याला ती दुपारपर्यंत लागते, माणसं शेताकडं निघाली म्हणजे. मधल्याला ती लागतच नाही, कारण त्याच्याकडं कुणी जात नाही.

गाव लोहारा तालुक्यातलं, सास्तूर-माकणीच्या पट्ट्यातलं. नाव मुद्दामच सांगत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर उठून दुसरीकडं बसलेल्या कुठल्याही गावानं हे आपल्यावरच लिहिलंय असं म्हणावं, आणि म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

थोरल्याचं वय विचारू नये. आजोबांच्या लहानपणीही तो म्हाताराच होता म्हणतात. घडीव काळ्या दगडाचा गोल ओटा, उंची कमरेएवढी, पोटात माती, माथ्यावर पिंपळ आणि समोर मारुती. पिंपळाच्या मुळ्यांनी उत्तरेकडचे दगड पुढं रेटलेत, त्यामुळं त्या बाजूनं पाहिलं तर म्हाताऱ्याचं पोट सुटलंय असं वाटतं. कडेचे दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या धोतरांनी घासून गुळगुळीत झालेत. एका दगडावर वाघ-शेळीचा पट कोरलाय. कुणी कोरला, कधी कोरला, कुणाला ठाऊक नाही. रेघा मात्र अजून बोटाला लागतात. खेळायला दोघं आणि सांगायला आठ जण, अशी त्या खेळाची रीत. वाघ कोंडला गेला की खेळणाऱ्यांपेक्षा सांगणारेच जास्त ओरडायचे.

स्वभावानं थोरला सुस्त. त्याला बोलायला विषय लागत नाही. फेसबुक उघडलं की ते लगेच विचारतं, तुमच्या मनात काय चाललंय. थोरल्यानं असं कुणाला कधी विचारलं नाही. येणारा म्हणायचा, “बसलाव का, आप्पा?” बसलेला म्हणायचा, “बसलाव. ये.” एवढ्यावर अर्धा तास निघायचा. मध्येच कुणी तंबाखूची चंची सोडायचं, कुणी आभाळाकडं बघायचं, कुणी नुसतंच खाकरायचं. ऊन सरकेल तशी माणसंही सरकायची. सकाळी पश्चिमेच्या अंगाला, दुपार कलली की पूर्वेच्या. त्यामुळं ज्याच्याशी बोलायचंच नाही असं ठरवून सकाळी लांब बसलेला गडी संध्याकाळपर्यंत त्याच माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलेला असायचा. सावलीनंच आणून बसवलेला. भांडणं अशी किती मिटली, ते थोरल्यालाच माहीत.

रोजचा माणूस आला नाही की त्याची जागा उघडी पडायची. तिथं दुसरं कुणी बसायचं नाही, आणि बसलं तरी उठून जायचं. मग कुणीतरी पोराला पिटाळायचं, “जा रं, तात्या का आलं नाहीत बघून ये.” तात्या कधी तापानं पडलेले असायचे, कधी सुनेवर रुसून जेवलेले नसायचे. दोन्हींवर इलाज व्हायचा.

खोटं बोलणाऱ्याची तिथं पंचाईत होती. उसने पैसे मागायला आलेल्याला नाही म्हणायचं असलं की माणूस पिंपळाच्या शेंड्याकडं बघतो. हे सगळ्या गावाला माहीत, म्हणून मागणारा त्याचं ऐकायच्या आधी त्याची मान बघायचा. बैलाचा सौदा तर तोंडानं होतच नसे. दोघांचे हात उपरण्याखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, बोटं दाबूनच फिरवायचा. वीस माणसं भोवती बसलेली, आणि किंमत फक्त दोन हातांना ठाऊक. एवढी गुप्तता पाळणारं यंत्र अजून निघालं असेल असं मला वाटत नाही.

माणूस ओळखायचा तो पायांवरून. मधोमध मांडी घालून बसणारे जमीनजुमल्याचे मालक. कडेला पाय सोडून बसणारी तरणी पोरं. आणि खाली, मातीत, उकिडवे बसणारे, ज्यांना वर बसायची मुभाच नव्हती. थोरल्याचं कौतुक करताना ही गोष्ट गिळून टाकायची आपल्याकडं पद्धत आहे. गावगाड्यावर हळहळणाऱ्या लिखाणात पिंपळाची सळसळ असते, हे उकिडवे पाय नसतात. गावकुसाबाहेरच्या माणसानं वर बसायचं नाही, आणि बायांनी तर समोरून जायचंसुद्धा नाही. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून विहिरीला मागच्या बोळानं जायची. डोईवर घागर, कडेवर घागर, आणि पारापुढून जावं लागू नये म्हणून अख्खा वळसा. तिला थोरल्याबद्दल विचाराल तर ती म्हणेल, “तिथं माणसं बसत नव्हती, डोळे बसत होते.” आजच्या भाषेत सांगायचं तर गावातली निम्म्याहून जास्त माणसं त्या ग्रुपमध्ये कधी ॲडच झाली नव्हती.

असो. जे होतं ते होतं. बातम्या मात्र थोरल्याकडं मोठमोठ्या येऊन गेल्या. मुलूख निजामाचा. १९४८ च्या सप्टेंबरात सोलापूरकडून हिंदी फौजा आत आल्या, १३ तारखेला नळदुर्ग पडला आणि १७ तारखेला हैदराबादनं शस्त्रं खाली ठेवली. ही खबर पायी चालत आलेल्या माणसानं दिली म्हणतात. ती खरी की अफवा, हे ठरवायला सांगणाऱ्याचं तोंड समोर होतं, त्याच्या पायांवरची धूळ समोर होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणारी माणसं पहाटे इथंच गोळा व्हायची. लाल मिलोची भाकरी कशी करायची, सुकडी कुठल्या गावाला आली, कुठल्या कामावर हजेरी लागते आणि कुठं मुकादम खातो, हे सगळं थोरल्याच्या अंगाखांद्यावर बसून ठरलं. त्या वर्षी पहिल्यांदा उकिडवे आणि मांडी घातलेले एका कामाला गेले. परत आल्यावर मात्र ज्याची जागा त्याला.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या हात-दोन हात रुंदीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच माळवद अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेतच गेली. जगाला किल्लारीचं नाव माहीत झालं. आमच्या बाजूला सास्तूरनं आणि भोवतालच्या गावांनी तेच भोगलं.

थोरल्याला काही झालं नाही. पडायला त्याला भिंत नव्हती, छप्परही नव्हतं. उजाडता उजाडता जी वाचली ती माणसं त्याच्यावर येऊन बसली. पाऊस लागला होता. त्या सकाळी बाया वर बसल्या. गावकुसाबाहेरची लेकरं वर बसली, आणि त्यांच्या अंगावर ज्यानं घोंगडं टाकलं तो पाटलाचा भाऊ होता. कुणी कुणाला हटकलं नाही. माझी आई सगळ्या आयुष्यात थोरल्यावर बसली ती त्या एका सकाळी.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये वर्षं गेली. मग पुनर्वसन झालं. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून ५२ गावं सरकारनं, जागतिक बँकेच्या पैशानं आणि देशभरच्या देणगीदारांच्या मदतीनं, नव्या जागेवर वसवली. जमिनीप्रमाणं घर, भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घर पुन्हा अंगावर पडू नये ही पहिली काळजी, आणि ती बरोबरच होती. ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसं ओढून काढली त्यांना अरुंद बोळांची भीतीच बसली होती. रस्ते सरळ, रुंद, काटकोनात कापलेले. नकाशावर गाव फार देखणं दिसतं.

फक्त जुन्या गावात एका घरात फोडणी पडली की शेजारी ठसका लागायचा, तसं आता होईना. हाक मारली तर पोचेना. भावकी या टोकाला, त्या टोकाला. शेजार नात्यानं ठरायचा तो बऱ्याच ठिकाणी चौरस फुटांनी ठरला. म्हातारी माणसं सकाळी उठून कुठं जायचं म्हणून रुंद रस्त्याच्या मधोमध उभी राहायची आणि परत घरात जायची. चुलत आजी म्हणायची, “गाव लई मोठं झालंय, बघ. दिसायला कुणीच दिसंना.” तिच्या बोलण्यातली खोच नकाशा काढणाऱ्यापर्यंत गेली नाही.

मधल्याचा जन्म याच गावातला. कुठल्याशा निधीतून झाला. गोल नाही, चौकोनी. वर फरशी, कडेला स्टीलचे पाइप, आणि ज्यांच्या प्रयत्नांतून तो झाला त्यांच्या नावाची पाटी त्याच्यापेक्षा मोठी वाटावी इतकी उंच. मधोमध झाडासाठी गोल जागा सोडली होती. तिथं गुलमोहर लावला, तो पहिल्या उन्हाळ्यात गेला; दुसरा लावला, तो शेळ्यांनी खाल्ला. आता तिथं झेंड्याचा खांब आहे. मधल्यावर बसलं तर चैत्रात चटका आणि पौषात गारठा. पोलिओचा डोस, झेंडावंदन आणि सुगीत सोयाबीन वाळवणं, एवढ्या तीन कामांना तो येतो. स्वभाव वाईट नाही बिचाऱ्याचा. त्याला कुणी सावलीच दिली नाही.

थोरला सुटला आणि धाकटा जन्मला, यात वीस वर्षांहून जास्त अंतर आहे. हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. मधल्या काळात टीव्ही आला, मोटारसायकली आल्या, पाऊस हुकत गेला आणि तरणी माणसं पुण्याला, हैदराबादला गेली. घराघरांत माणूस एकटा बसायला तेव्हाच शिकला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट फुकटाच्या भावात मिळायला लागलं, आणि मग गावात एका पोरानं ‘आपलं गाव’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. हा पोरगा त्याच आळीतला, जिथली माणसं थोरल्याखाली उकिडवी बसायची. तो ॲडमिन. पाटलाच्या नातवाला ग्रुपमध्ये घ्यायचं की नाही हे त्याच्या अंगठ्यावर होतं. त्यानं घेतलं.

धाकटा म्हणजे थोरल्याच्या बरोबर उलटा. रात्री दोनला जागा, पहाटे पाचला जागा. गप्प बसणं त्याला जमतच नाही. शुभ सकाळच्या गुलाबांचा त्याच्याकडं कधी तुटवडा नसतो. सोयाबीनचा लातूरचा भाव, माकणीच्या धरणात किती टक्के पाणी, कुणाच्या लेकीचा निकाल, कुठल्या देशात कुठल्या सापानं काय गिळलं, सगळं एका दमात. आधी २५६ माणसं मावायची, २०२२ पासून १,०२४ मावतात. म्हणजे गावातलं प्रत्येक माणूस आणि गाव सोडून गेलेलं प्रत्येक माणूस, दोन्ही.

आणि बाया. सासरी गेलेल्या लेकी, ज्यांना माहेरची खबर पंचमीला नाहीतर दिवाळीला मिळायची, त्या आता रोज गावात असतात. माझी आई, जी भूकंपाची सकाळ सोडली तर थोरल्यापुढून उभ्या जन्मात गेली नाही, ती धाकट्यात आवाज पाठवते. टाइप करणं तिला येत नाही. नळाला आठवडाभर पाणी का नाही, असा जाब ती सरपंचाला सगळ्या गावादेखत विचारते आणि विचारून झालं की भाकरी थापायला जाते. सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. धाकट्याची निंदा करणाऱ्यांनी हा एक आवाज ऐकावा. ज्यांना थोरल्यानं कधी बसू दिलं नाही त्यांच्यासाठी धाकटा कशाचीच जागा घेत नाही. त्यांना पहिली जागा तिथंच मिळाली.

पण धाकट्याच्या अंगात दम नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि तीन दिवसांत त्याची दोन शकलं झाली. एक ‘आपलं गाव’, दुसरं ‘आपलं गाव ओरिजिनल’. ज्याला राग आला तो ‘लेफ्ट’ झाला आणि मोकळा झाला. पारावरून असं लेफ्ट होता येत नव्हतं. उठून जायचा माणूस, पण दुसऱ्या दिवशी मारुतीला पाणी घालायला तिथंच यायचं होतं, शेताची वाट तिथूनच होती. दोन पार बांधायचे तर दगड फोडावे लागले असते. एवढा राग कुणाला आला नाही.

दुसरं म्हणजे धाकट्याला रिकामी जागा दिसत नाही. जो लिहितो तो आहे. जो लिहीत नाही तो आहे की नाही, त्याला कळत नाही. आमच्याकडं एक म्हातारा दोन महिने अंथरुणाला होता. ग्रुपमध्ये त्याचं नाव होतं, फोटोही होता, फेटा बांधलेला. तो गेला तेव्हा धाकट्याला कळलं की तो आजारी होता.

गेला तोही कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात. अंत्यविधीला वीसच माणसं, असा नियम होता, आणि भीती एवढी की वीससुद्धा जमेनात. मातीला मोजकी माणसं गेली. धाकट्यात मात्र रात्रीपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली, पुण्याहून, हैदराबादहून, आखाती देशातून. मुलानं सगळ्यांना उत्तरं दिली. फोनही आले, व्हिडिओ कॉलही आले. पोरी सासरहून पडद्यावर रडल्या. सांत्वनाचं म्हणून जे काही बोलायचं असतं ते सगळं बोलून झालं होतं.

आणि तरी निर्बंध उठल्यावर माणसं यायला लागली. ज्यांनी मेसेज केला होता तीच, ज्यांनी तासभर फोनवर धीर दिला होता तीच. एसटीनं, मोटारसायकलवर, पाऊस पडून चिखल झाला तरी. यायची, ओसरीवर बसायची, चहा घ्यायची, काही बोलायची नाहीत. “फोन केलता मी, पण येणं झालं नव्हतं,” एवढंच म्हणायची आणि निघायची. दिवाळीपर्यंत हे चाललं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की फोनवरचं सांत्वन अपुरं असतं. त्यांच्या हिशेबात ते धरलंच गेलं नव्हतं. व्हर्च्युअल भेट खऱ्या भेटीची जागा घेऊ शकते का, यावर शहरात परिसंवाद होत असतील. आमच्याकडं त्याचं उत्तर त्या ओसरीवर त्या वर्षी देऊन झालं.

तुळजापूरचंही तसंच. २०२० च्या नवरात्रात देऊळ भाविकांना बंद होतं. पूजा झाल्या, भवानीआई सिंहासनावर बसली, आणि दर्शन मोबाइलवर. खरं सांगायचं तर मोबाइलवर ती जितकी जवळून दिसली तितकी रांगेत कुणालाच दिसत नाही; रांगेत तासन्‌तास उभं राहावं आणि समोर गेल्यावर क्षणात पुढं सरकवलं जावं. पडद्यावर डोळे भरून बघता येत होतं, नथ दिसत होती, मळवट दिसत होता. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली देवळं उघडली आणि माणसं त्या क्षणभराच्या दर्शनासाठी पुन्हा निघाली. पुढच्या वर्षी तर ७ ऑक्टोबरला, ऐन घटस्थापनेलाच, दारं उघडली. पायी जाणाऱ्या बायांना विचारलं की मोबाइलवर तर बघितली होती ना? त्या म्हणाल्या, “आम्ही तिला बघितलं, तिनं आम्हाला कुठं बघितलंय?”

याउपर धाकट्याचे श्रीमंत चुलतभाऊही आहेत परदेशात. २०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुक कंपनीनं आपलं नावच बदलून मेटा केलं आणि सांगितलं की यापुढं माणसं डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी गावात भेटतील, बसतील, सभा घेतील. होरायझन वर्ल्ड्‌स हे त्या गावाचं नाव. तिथली माणसं बरेच दिवस कमरेपर्यंतच होती. हात होते, तोंड होतं, पाय नव्हते, अंतराळात तरंगायची. लोक हसायला लागले तेव्हा २०२२ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पाय येत आहेत. त्या एका वर्षात कंपनीच्या आभासी जग उभारणाऱ्या विभागाला १,३०० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. मी हे आप्पांना सांगितलं. पायावरून माणूस ओळखणाऱ्या पिढीतले ते, त्यांनी एकच विचारलं, “मग बसत्यात कसं?”

आमच्या जिल्ह्यात तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमल्याची कथा सांगतात. कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं, हे बघायला काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. कथा खरी-खोटी कशीही असो, तिच्यातली पहिली अट अशी की डोकी थापटण्याच्या टप्प्यात हवीत.

आता एक गंमत सांगतो. जुन्या गावाजवळच्या माळावर मोबाइलचा टॉवर झालाय, त्यामुळं रेंज सगळ्यात चांगली थोरल्याकडं येते. नव्या गावातली पोरं संध्याकाळी मोटारसायकली काढून तिथं जातात आणि गेम खेळतात. आधी पबजी होता, त्यावर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली; पुढच्या वर्षी तोच नाव बदलून आला. चौघांचा स्क्वॉड. चौघं थोरल्यावर रांगेनं, पाय सोडून, माना खाली. “आरं मागं बघ, मागं!” “मी नॉक झालो, उचल की!” जो उचलायचा तो शेजारीच बसलेला असतो, आणि न उचलल्यास कोपराची ढुशी खरीखुरी मिळते. भोवती पाच-सहा जण नुसते सांगायला, आणि बाजूच्या दगडावर वाघ-शेळीचा पट.

घरी बसून खेळता आलं असतं ना रे, असं मी त्यांना विचारलं. रेंजचं कारण त्यांनी दिलं. पण माझ्या माहितीप्रमाणं नव्या गावातही रेंज येते. एका पोरानं खरं ते सांगून टाकलं, “घरी कुणाला शिव्या देणार?” वर बसलेल्यांत सगळ्या आळ्यांची पोरं असतात, हेही मी मोजून घेतलं. थोरल्याला म्हातारपणी थोडी अक्कल आलीय.

येळवशीला तर त्याचं तारुण्यच परत येतं. दर्शवेळ अमावास्येला लातूर-धाराशिवची गावं रिकामी होतात, माणसं शेतात जातात. गाव हललं तरी शेतं हलली नाहीत. ती जुन्या गावाभोवतीच आहेत, म्हणून सगळ्यांची वाट थोरल्यावरून जाते. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्यानं उपाशी राहायचं नाही. वाटेवर जो भेटेल त्याला हाताला धरून न्यायचं. पुण्याची पोरं मुक्कामी येतात, आणि धाकट्यात त्या दिवशी सकाळभर फोटो पडतात. दुपारी मात्र तो गप्प होतो. वर्षातून एवढाच एक दिवस धाकट्याला बोलायला कुणी सापडत नाही.

मोबाइलनं माणसं तोडली, ही तक्रार आमच्या गावापुरती तरी मला मान्य नाही. तारखाच जुळत नाहीत. धाकटा आला तेव्हा जागा वीस वर्षं मोकळी पडलेली होती. माणसं एकमेकांना दिसतील अशी वाट, बसतील अशी सावली आणि टाळता येणार नाही असा शेजार, या तीन गोष्टी नकाशातून गळाल्या. त्या कुणा कंपनीनं पळवल्या नाहीत. धाकट्यानं त्या भरून काढाव्यात ही अपेक्षा म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. तो निरोप्या चांगला आहे. बायांना आणि उकिडव्यांना त्यानं आवाज दिला, हे उपकार थोरल्याच्यानं झाले नव्हते. पण तो कुणाच्या ओसरीवर जाऊन बसू शकत नाही, आणि ते काम त्याला लावूही नये.

मधल्याचं मात्र अजून काही करता येईल. झेंड्याचा खांब बाजूला घ्यायला फार खर्च नाही. त्या गोल जागेत पिंपळ नाहीतर लिंब लावावा, भोवती शेळ्यांना दाद देणार नाही असं कुंपण करावं आणि पाच उन्हाळे पाणी घालायची पाळी आळीवार वाटून घ्यावी. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, आणि आईला सांगितलंय की त्या सभेला आवाज पाठवू नकोस, स्वतः ये. ज्यांच्या गावात थोरला अजून शाबूत आहे त्यांच्याकडं एकच मागणं आहे. सिमेंटचा रस्ता करताना ठेकेदार पार फोडू म्हणेल, नाहीतर रस्त्याची उंची वाढवून त्याला अर्धा गाडू म्हणेल. त्याला तसं करू देऊ नका. आणि कधी नवं गावठाण आखायची वेळ आलीच, तर आधी पाराची जागा ठरवा, मग घरांच्या रेघा मारा.